उस्मानपुरा ते अफरवट : स्कीची लांबी किती असावी?

उस्मानपुऱ्यात बर्फ म्हणजे रसवंतीच्या गाड्यावर गोणपाटात गुंडाळलेली लादी. आपल्या कित्येक घरांत तर तीही वर्ज्य. बावीस अभक्ष्यांच्या यादीत बर्फ आहेच. पीर बाजारापासून संत एकनाथ रंगमंदिरापर्यंतच्या या वस्तीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि पावसाळ्यातही आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. अशा गावातल्या एका एकत्र कुटुंबात गेले वर्षभर स्कीच्या लांबीवर वाद व्हावा, हे ऐकणाऱ्याला नवलाचे वाटेल. पण आमच्या घरी तो झाला, आणि व्यापाऱ्याच्या घरात खरेदीचे वाद जसे होतात तसा, म्हणजे जेवणाच्या पंगतीत आणि आकड्यांनिशी झाला.

माझी धाकटी पुतणी दोन हिवाळ्यांपूर्वी गुलमर्गला सहलीला गेली, ती स्लेजवर बसून छायाचित्रे काढून परत येण्याऐवजी तेथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेत नाव घालायचे ठरवूनच आली. ही केंद्र सरकारची संस्था १९६८ पासून तेथे शिकवते आहे. पायाभूत वर्ग झाला, त्यापुढचा झाला, आणि आता तिला प्रशिक्षक व्हायचे आहे. घरात कोणी हसले नाही. बाऊजींनी नातीच्या लग्नासाठी वेगळ्या ठेवलेल्या रकमेतून स्वतःची स्की घेऊन देण्याचे कबूल केले. अट एवढीच, की माल पारखून घ्यायचा. म्युनिकला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने लगेच सल्ला पाठवला : घ्यायची तर सर्वांत वरच्या दर्जाची घ्या, आणि लांबी १७७ घ्या, म्हणजे पुढे बदलावी लागणार नाही. लहान मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात त्यातलाच हा विचार. पुतणीची उंची १६२ सेंटिमीटर, वजन ५४ किलो, आणि वय एकोणीस. ती आता वाढणार नाही.

लांबीच्या मोजमापाचा इतिहास आपल्या लोकांना चटकन उमगेल. आपल्याकडे विहिरीची खोली परसात मोजत, म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उंचीत. जुन्या काळची स्कीही अशीच मोजली जाई : हात उंच करावा आणि टोक मनगटापर्यंत पोहोचले की ती आपली. मध्यम उंचीच्या माणसाच्या पायाखालीसुद्धा दोन मीटरची फळी असे. १९९३च्या सुमारास स्लोव्हेनियातील एलान कंपनीने टोकाला व शेपटीला रुंद, कमरेत बारीक अशी स्की बाजारात आणली आणि चित्र पालटले. अशी स्की कडेवर कलंडली की आपल्या आकारानेच वळते. वळणासाठी फळीभर लांबी फरफटत फिरवावी लागत नाही. लांबी झपाट्याने उतरली. आज साधारण नियम हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचा. नवशिक्याने हनुवटीजवळ राहावे, वेगाने आणि घडणीबाहेरच्या बर्फात उतरणाऱ्याने माथ्याजवळ जावे.

मात्र हा नियम दुकानदाराच्या सोयीचा आहे. स्की उंची ओळखत नाही, भार ओळखते. ती एक लांब स्प्रिंग आहे; तिला वाकवायला वजन लागते. एकाच उंचीचे दोघे भाऊ, एक ५८ किलोचा आणि गादीवर बसून ८६ किलोचा झालेला दुसरा, यांना एकच लांबी देणारा माणूस धंदा करतो, सल्ला देत नाही. आणखी एक मेख टोकाच्या घडणीत असते. हल्लीच्या स्कीचे टोक बरेच आधीपासून वर उचललेले असते. त्याला रॉकर म्हणतात. सपाट फरशीवर जोडी ठेवून पाहिली तर पुढचा वीतभर भाग जमिनीला टेकतच नाही. म्हणजे छापलेली लांबी १७० असली तरी कठीण बर्फात धरणारी कड त्याहून बरीच कमी. म्हणून रॉकर मोठा असेल तर लांबी चार-पाच सेंटिमीटर वाढवावी, आणि मधली कमान पक्की व टोक सरळ असेल तर वाढवू नये. कापडाच्या ताग्यावर लिहिलेले मीटर आणि प्रत्यक्ष हाती येणारे कापड यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता वरचा दर्जा म्हणजे काय ते पाहू. परदेशी दुकानांत उत्तम ऑल-माउंटन जोडीची किंमत, बाइंडिंग सोडून, सातशे ते नऊशे डॉलरांच्या घरात असते. ऑल-माउंटन म्हणजे दाबून सपाट केलेल्या उतारावर आणि त्याबाहेरच्या मऊ बर्फातही चालणारी. कंबर साधारण ८० ते १०० मिलिमीटर. या किमतीत मिळते काय? पॉपलर, बीच यांसारख्या लाकडाचा गाभा, मेण शोषून घेणारा चांगल्या प्लास्टिकचा तळ, आणि बहुधा गाभ्यावर-खाली टायटॅनलचे पत्रे. नावावरून टायटॅनियम वाटते, पण ही ॲल्युमिनियमची मिश्रधातू आहे, ऑस्ट्रियात तयार होणारी. पत्र्यामुळे स्की जड आणि निश्चल होते, वेगात थरथरत नाही. त्याच पत्र्यामुळे ती हलक्या माणसाला दाद देत नाही. बव्हेरियातील फोल्कल कंपनीच्या एका नामांकित स्कीचे नाव ‘मंत्रा’ आहे. आपला शब्द जर्मनीत जाऊन फळीवर बसला याचे मला कौतुक वाटले. तिचा सहावा अवतार कमरेत ९६ मिलिमीटर आणि १६३, १७०, १७७, १८४, १९१ अशा सात-सात सेंटिमीटरच्या पायऱ्यांत निघाला. भाच्याचा आग्रह हिचाच होता. तो स्वतः सहा फूट उंच, वजनाने ऐंशीच्या पुढचा आणि दहा वर्षे आल्प्समध्ये उतरणारा. त्याला १८४ शोभते. चांगला माल सर्वांनाच चांगला असे धरून चालणारा दुकानदार आपल्या बाजारात फार दिवस टिकत नाही.

खरा प्रश्न असतो, स्की चालवायची कुठे? म्हणून गेल्या फेब्रुवारीत मी स्वतः पुतणीबरोबर गेलो. श्रीनगरहून टंगमर्गपर्यंत सखल भातशेते आणि उघडे चिनार, आणि तेथून पुढचे तेरा किलोमीटर देवदारांतून वळणे घेत चढणारा रस्ता. गाड्यांच्या चाकांना साखळ्या. गुलमर्गची वाटी सुमारे २,६५० मीटरवर आहे, म्हणजे आपले कळसूबाई खाली ठेवून आणखी हजार मीटर. भारतीय स्की क्लब येथे १९२७ साली दोन इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी काढला. गोंडोल्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगदूरीला नेतो. दुसरा २००५ मध्ये, तो अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरवर सोडतो. सकाळी डबा ढगांतून वर निघाला की समोर पीर पंजालची रांग आणि, आकाश निवळले असेल तर, दूर उत्तरेला नंगा पर्वत.

या एकाच डोंगरावर तीन वेगवेगळे बाजार आहेत. खाली वाटीतले कुरण, जेथे सगळे शिकतात. उतार मंद, बर्फ तुडवलेला. कोंगदूरीखालची देवदारांमधली वाट, जी सकाळी कडक असते आणि दुपारी लोकांच्या येण्याजाण्याने ढेकळांची होते. आणि वर अफरवटचे उघडे उतार, जेथे भुकटीसारख्या ताज्या बर्फासाठी जगभरचे लोक येतात. तो भाग शोभेचा नव्हे. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथे हिमस्खलनात पोलंडचे दोघे स्कीपटू दगावले. गस्तीपथकाने वरचा भाग बंद ठेवला तर हुज्जत घालू नये. आणि बर्फाचा भरवसाही धरू नये : २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडे पडले होते, कुरणावर गवत दिसत होते.

पुतणीचा वेळ पहिल्या दोन बाजारांत जाणार, तिसऱ्यात वर्षाकाठी दोन-चार दिवस. तेव्हा त्या दोन-चार दिवसांसाठी १०० मिलिमीटरच्या वरची रुंद स्की भाड्याने घ्यावी, आणि विकत घ्यायची ती कमरेत ८८ च्या आसपासची, असे आम्ही ठरवले. लांबीसाठी भाड्याच्या दुकानांतून तीन दिवस तीन जोड्या घेतल्या, जवळपास सारख्या रुंदीच्या. पहिल्या दिवशी १५६ : कुरणावर फुलपाखरू, पण कोंगदूरीखाली वेग वाढताच टोके फडफडू लागली. दुसऱ्या दिवशी १७० : सरळ उतारावर आगगाडीसारखी स्थिर, पण झाडांमध्ये वळण मोठे पडू लागले, शेपूट मागे अडकू लागली, आणि तिसऱ्या फेरीनंतर ती गुडघा चोळत बसली. तिसऱ्या दिवशी १६३. दुपारी ढेकळांतून उतरताना ती प्रथमच पायांकडे न पाहता समोर पाहत होती. मी खाली बाकावर बसून खाकरे खात हे पाहत होतो. मला स्की येत नाही, पण गिऱ्हाइकाला माल बसला की चेहरा कसा होतो ते कळते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पैसे हाती असतील तर ते आधी बुटांवर घालावेत. ढिल्या बुटात उत्तम स्कीसुद्धा ऐकत नाही. बुटाचा आकार पावलाच्या सेंटिमीटरमध्ये असतो, आणि तो नवा असताना घट्टच हवा. बाइंडिंग किती जोरावर सुटावे हा आकडा वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून जाणत्याकडूनच लावून घ्यावा. पडल्यावर पाय सुटला नाही तर गुडघा जातो. बाइंडिंगचे ब्रेकही स्कीच्या कमरेच्या मापाचेच घ्यावेत. पेहरावात आपल्या घरांना दोन अडचणी येतात, पिसांची जाकिटे आणि चामड्याचे हातमोजे. दोन्हींना कृत्रिम धाग्याचे पर्याय सर्वत्र मिळतात, आणि कृत्रिम भरण ओले झाले तरी ऊब धरते. चौविहार पाळणाऱ्यांनी काळजी करू नये. गोंडोला दुपारीच बंद होतो, सूर्यास्ताआधी जेवण सहज उरकते.

परतल्यावर बाऊजींनी दोनच प्रश्न विचारले : वर्षातले किती दिवस वापर, आणि नव्या-जुन्यात भाव किती पडतो? वापर पाच-सहा आठवडे, म्हणजे घेणे भाड्यापेक्षा परवडते. वर्षातून आठवडाभर जाणाऱ्याने मात्र भाड्यानेच घ्यावी. दुसऱ्याचे उत्तर त्यांना फार आवडले. कंपन्या स्कीचा आतला साचा बहुधा दोन-तीन वर्षे तोच ठेवतात, दरवर्षी बदलते ते वरचे चित्र. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम सरला की गतवर्षीच्या चित्राचा कोरा माल बऱ्याच सवलतीत निघतो. “म्हणजे संक्रांतीनंतरचा पतंग,” बाऊजी म्हणाले, “फरक इतकाच की हा पुढच्या वर्षीही उडतो.”

भाच्याने एप्रिलमध्ये म्युनिकहून जोडी घेतली : ८८ ची कंबर, पत्र्याचा एकच अर्धा थर, लांबी १६३. दिवाळीला येताना तो ती घेऊन येईल. पुढचा प्रश्न आमचा, उस्मानपुऱ्याचा आहे. गच्चीवरच्या खोलीत पत्र्याखाली ठेवली तर उन्हाळ्यात तळ सुकेल, आणि पावसाळ्यात पोलादी कडांना गंज चढेल. तळावर आणि कडांवर मेणाचा जाड थर देऊन, पट्ट्याने फार न आवळता, खालच्या मजल्यावर कोरड्या जागी उभी ठेवायची आहे. १६३ सेंटिमीटर म्हणजे पाच फूट चार इंच. जिन्याखालचे कपाट आतून साडेपाच फूट आहे. बाऊजींनी स्वतः टेप लावून पाहिला आणि त्यातली जुन्या वह्यांची दोन गाठोडी बाहेर काढायला सांगितली.