हे परीक्षेला आहे का?

वॉशिंग्टनजवळ, मेरीलँडच्या उपनगरातल्या एका खासगी हायस्कूलमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. बरीच वर्षं माझं सगळं वेळापत्रक मे महिन्यातल्या एपी बायॉलॉजीच्या परीक्षेभोवती फिरायचं. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा आणि कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची. ५ पैकी ४ किंवा ५ मिळाले की अनेक कॉलेजं तेवढे क्रेडिट देऊन टाकतात. ३ तास, ६० बहुपर्यायी प्रश्न, ६ लेखी. फेब्रुवारी लागला की वर्गात कोणी ‘असं का होतं?’ विचारलं तरी माझी नजर आधी घड्याळाकडे जायची. मागच्या बाकावरून तर ठरलेलाच प्रश्न यायचा, ‘हे परीक्षेला आहे का?’ बारावीला ‘२१ अपेक्षित’ उशाशी घेऊन झोपलेली मी. मला त्यात नवल वाटत नसे.

जून २०१८मध्ये सिडवेल फ्रेंड्स, सेंट ऑल्बन्स, जॉर्जटाउन डे अशा या भागातल्या आठ खासगी शाळांनी मिळून जाहीर केलं, की २०२२पर्यंत एपीचे कोर्स बंद. गंमत म्हणजे १९५०च्या दशकात एपीची कल्पना निघाली ती अँडोव्हर, एक्सेटरसारख्या नामांकित खासगी शाळा आणि हार्वर्ड-येल-प्रिन्स्टन यांच्या चर्चांमधूनच. पुढे ती सरकारी शाळांत पोचली, गावोगावची मुलं परीक्षेला बसू लागली, आणि मग बड्या शाळांना तिचा कंटाळा आला. हे मी स्टाफरूममध्ये बोललेही. कोणी खोडून काढलं नाही. कालांतराने आमच्या शाळेनेही तोच रस्ता धरला.

मला मात्र मे महिना मिळाला. दोनेक तासांवर डेलावेअरचा उपसागर आहे. मे-जूनमध्ये पौर्णिमा-अमावास्येच्या भरतीला तिथे हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. म्हणायला खेकडा, पण नातं कोळी-विंचवांशी. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. इंजेक्शनात जिवाणूंचं विष उतरलेलं नाही ना, हे या रक्ताच्या अर्काने तपासतात. दक्षिण अमेरिकेतून आर्क्टिककडे निघालेले रेड नॉट पक्षी वाटेत हीच अंडी खाऊन पुढच्या उड्डाणाची तयारी करतात. आमची मुलं वाळूवर एक मीटरची चौरस चौकट ठेवून आतले नर-माद्या मोजतात. उताणा पडलेला क्रॅब शेपटीला धरून उचलायचा नाही, कवचाच्या कडेला धरून पलटवायचा, हे निघण्याआधी दहादा सांगावं लागतं. एकदा चौकटीच्या कडेवर, अर्धा आत अर्धा बाहेर असलेला क्रॅब मोजायचा की नाही, यावर दोघांची चांगलीच जुंपली. नमुना कसा घ्यावा, यावरचा माझा सर्वांत चांगला तास तो. मी तोंडही उघडलं नव्हतं.

रविवारच्या मराठी शाळेत पालक मला गाठायचे. “ताई, मग कॉलेजला कळणार कसं?” मी सांगायचे, की अर्जासोबत शाळा आपल्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक पाठवते, शाळेत एपीच नसेल तर मुलाने ते घेतलं नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. हे खरं आहे, पण ते चालतं शाळेच्या नावावर. जिचं नाव कोणी ऐकलेलं नाही, अशा शाळेतल्या मुलीकडे त्या ५शिवाय दाखवायला काय असतं? तिच्या शाळेने एपी बंद करू नये, असंच मी म्हणेन. आणि आमच्या शाळेने ते परत आणू नये, असंही.

आमच्याकडेही सगळे लक्षाधीश नाहीत. शिष्यवृत्तीवर आलेली एक मराठी मुलगी आहे. तिला राज्याच्या विद्यापीठात जायचंय, आणि क्रेडिट मिळालं तर तेवढी फी वाचेल. म्हणून जवळच्या सरकारी शाळेत तिने परीक्षेसाठी नाव नोंदवलंय. कॉलेज बोर्ड जुने लेखी प्रश्न संकेतस्थळावर ठेवतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी ते सोडवतो. यंदा सहल नेमकी तिच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आली. ती म्हणते, दोन्ही जमेल. तिच्या आईचा फोन आला, “ताई, तुमची ती सहल आठवडाभर पुढे नाही का ढकलता येणार?” भरती चंद्रावर ठरते, हे त्यांना माझ्यापेक्षा मुलीनेच आधी सांगून पाहिलं होतं.