पेंटियम ४ वरचे बुकवर्म

आपल्या मासिकाच्या मराठी पानाचा मजकूर कुठे टाइप होतो, हे बहुतेकांना ठाऊक नसेल. संगणक कक्षात खिडकीकडच्या रांगेत सात नंबरचे यंत्र आहे, त्यावर. पेंटियम ४ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि चालू केल्यावर पंप सुरू झाल्यासारखा आवाज. आमच्या आधीच्या कुठल्यातरी बॅचने त्यावर डेबियन लिनक्स बसवले. त्यात इनस्क्रिप्ट मराठी कळफलक, दोन-तीन फॉन्ट, ऑफिसच्या प्रिंटरची जोडणी अशी सगळी मांडामांड करून ठेवली. महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत मराठी टाइप करायला तयार यंत्र मिळणे ही लहान गोष्ट नाही. इतर संगणकांवर कळफलक बदलायचा तर परवानगीपासून सुरुवात करावी लागते.

या सत्रात कक्षाला नवा नियम लागू झाला. ज्या संगणकाला सुरक्षिततेचे अपडेट मिळत नाहीत, तो शाळेच्या नेटवर्कवर राहणार नाही. आणि जो नेटवर्कवर नाही, तो पुढच्या बोर्डासमोर कंडेम होण्यासाठी जाईल. नियम चुकीचा आहे असे मला अजूनही वाटत नाही. सात नंबरवर डेबियन १० होते, म्हणजे २०१९ ची आवृत्ती. तिचा वाढीव आधारही ३० जून २०२४ ला संपला होता. दरवाजाची कडी तुटली असेल, तर घर कितीही आवडते असले तरी तिथे सामान ठेवू नये.

जुनी यंत्रे एकूण नऊ होती. पहिले काम त्यांची हजेरी घेण्याचे. 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की प्रोसेसरची कुंडली समोर येते. सहा यंत्रे कोअर टू ड्युओची निघाली. ती ६४-बिट चालवू शकत होती, पण त्यांच्यावर ३२-बिट डेबियन बसवलेले होते. बहुधा एकाच डीव्हीडीवरून सगळा कक्ष उरकला असावा. उरलेली तीन पेंटियम ४ खरोखरच ३२-बिट होती, आणि तिथेच पेच होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये डेबियन १३ आले, त्यात ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. म्हणजे या तीन यंत्रांचा रस्ता डेबियन १२ पर्यंतच जातो. त्या आवृत्तीला वाढीव आधार २०२८ च्या जूनपर्यंत आहे.

डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची नावे देतात. १० म्हणजे बस्टर, अँडीचा कुत्रा. ११ म्हणजे बुल्सआय, वुडीचा घोडा. १२ म्हणजे बुकवर्म, चष्मा लावलेला किडा. १३ म्हणजे ट्रिक्सी, निळी डायनासोर. आम्हाला कुत्र्यावरून घोड्यावर आणि घोड्यावरून किड्यावर जायचे होते. मधली पायरी गाळून उडी मारता येत नाही, डेबियन त्याला मान्यता देत नाही. शाळेतही सातवीतून थेट नववीत बसवत नाहीत.

सहा कोअर टू ड्युओंवर आम्ही जुने सगळे पुसून ६४-बिट डेबियन नव्याने बसवले. ३२ वरून ६४-बिटवर जागच्या जागी जाण्याच्या खटपटी लोक करतात, पण ज्याला दुसऱ्या दिवशी वर्ग चालवायचा आहे त्याने त्या नादी लागू नये. त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. दोन शनिवारच्या हॉबी पीरियडमध्ये काम झाले.

पेंटियमचे तसे नव्हते. त्यांचे डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडले होते आणि बायोस यूएसबीवरून बूट करत नव्हते. आत असलेली प्रणाली हाच आत जायचा एकमेव दरवाजा होता. शिवाय पुसले असते तर ती सगळी मांडामांड गेली असती. म्हणून हाताने, एकेक पायरी चढत अपग्रेड करायचे ठरले.

कक्षाची जबाबदारी सुभेदारसाहेबांकडे आहे. ते सिग्नल्समधून निवृत्त झालेले. लिनक्स त्यांना फारसे माहीत नाही, पण कुठलेही यंत्र उघडण्याआधी काय करायचे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. त्यांनी पहिल्या दिवशी एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "पहले लिखो, फिर हाथ लगाओ." मग आम्ही प्रत्येक यंत्राची बसवलेल्या पॅकेजांची यादी काढली आणि ती 'ईटीसी' फोल्डरसकट पेनड्राइव्हवर घेतली. योगायोग असा, की डेबियनच्या अपग्रेड-टिपणांतही हेच सांगितले आहे. सुरुवातीला 'स्क्रिप्ट' नावाची आज्ञा चालू करा, म्हणजे पडद्यावर जे जे उमटेल ते फाइलमध्ये नोंदले जाईल. साहेबांना ही आज्ञा फार पटली. "ये तो लॉगबुक है," म्हणाले.

तीन नंबर उघडल्यावर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले. त्याला तिथेच सॅल्यूट ठोकला. त्याच्या रॅमच्या पट्ट्या काढून सात नंबरात घातल्या, त्यामुळे सात नंबर १ जीबीचा झाला.

मग घड्याळाचा घोटाळा. 'एपीटी अपडेट' केले की उत्तर यायचे, ही फाइल अजून वैध झालेली नाही. अजून वैध झालेली नाही म्हणजे काय? आम्ही नेटवर्क तपासले, केबल बदलली. शेवटी बायोसमध्ये गेलो तर तारीख १ जानेवारी २००३. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. प्रणाली सुरू होताना डेबियन आपल्या परीने, वापरातली शेवटची आठवलेली वेळ लावत होते. ती मार्चमधली होती, आणि सर्व्हरवरच्या फाइलीवर त्यानंतरची तारीख होती. इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय शाळेच्या फायरवॉलने अडवलेली. यंत्राच्या दृष्टीने आम्ही त्याला भविष्यकाळातला कागद दाखवत होतो. कॅन्टीनच्या बाजूच्या दुकानातून नवा सेल आणला, बायोसमध्ये तारीख लावली, आणि दीड दिवसाचे कोडे सुटले.

पॅकेजांचे पत्ते ज्या फाइलीत असतात ती 'सोर्सेस डॉट लिस्ट'. तिथे बस्टर शब्दाच्या जागी बुल्सआय लिहिले की झाले, असे वाटते. तसे नाही. सुरक्षा-अपडेटच्या ओळीत पूर्वी 'बस्टर/अपडेट्स' असे नाव होते. पुढच्या आवृत्तीपासून ती पद्धतच बदलून 'बुल्सआय-सिक्युरिटी' झाली. नुसता शब्द बदलला तर नेमके सुरक्षेचेच अपडेट येत नाहीत, आणि सारी धडपड तर त्यांच्यासाठीच होती. पुढे बुकवर्ममध्ये आणखी एक बदल आहे. नेटवर्क कार्डासारख्या भागांना लागणारे बंदिस्त फर्मवेअर आता 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या वेगळ्या विभागात ठेवले आहे. तो शब्द ओळीत घातला नाही तर ते फर्मवेअर पुढे अद्ययावत होत नाही. हे सगळे टिपणांत लिहिलेले आहे. छापून घेतली तर बरीच पाने होतात. आम्ही ती प्रेपच्या वेळी वाचली, आणि मी सांगतो, भौतिकशास्त्राच्या गाइडपेक्षा ती सरळ भाषेत आहेत.

सात नंबरवर १,१४६ पॅकेज होती. शाळेच्या इंटरनेटवरून प्रत्येक यंत्राने तेच सगळे वेगळे उतरवायचे म्हणजे सत्र संपले असते. म्हणून एका कोअर टू ड्युओवर 'एपीटी-कॅशर-एनजी' बसवले. पहिले यंत्र जे मागवील ते हा मधला संगणक स्वतःकडे ठेवून घेतो आणि दुसऱ्याला तिथूनच देतो. मेसच्या स्टोअरसारखे. गाडी बाजारात एकदाच जाते, वाढप सगळ्या टेबलांवर होते.

जागेचाही प्रश्न होता. मुख्य विभाजनात जेमतेम १.१ जीबी रिकामी. जुने कर्नल काढले, उतरवून ठेवलेली जुनी पॅकेज पुसली, मग कुठे श्वास घेता आला. अपग्रेड खिडक्यांच्या पडद्यावरून न करता काळ्या कन्सोलवरून केले, कारण चित्रमय पडदा मध्येच बदलला गेला तर कामही त्याच्याबरोबर जाऊ शकते. आधी 'विदाउट-न्यू-पीकेजीएस' जोडून लहान अपग्रेड, म्हणजे नवीन काही न घेता जे जागच्या जागी बदलता येते तेवढे. त्यानंतर 'फुल-अपग्रेड'. हा दुसरा टप्पा पेंटियमवर सुरू केला की प्रेप, जेवण आणि रोल कॉल होऊन परत आले तरी तो चालूच असतो.

पण त्याला सोडून जाता येत नाही, कारण तो प्रश्न विचारतो. एखादी सेटिंगची फाइल पूर्वी कुणी हाताने बदलली असेल, तर तो थांबतो: नवी फाइल घेऊ की तुमची ठेवू? आणखी एक पर्याय असतो, डी दाबा, दोन्हींतला फरक दाखवतो. आम्ही प्रत्येक वेळी डी दाबले. आणि तिथे आम्हाला ती जुनी बॅच भेटली.

प्रिंटरच्या फाइलीत एका ओळीच्या वर लिहिले होते, "यह लाइन मत हटाना, प्रिंटर चला जाएगा." बूटच्या फाइलीत एका शब्दाशेजारी, "इसके बिना स्क्रीन काली." एका ठिकाणी नुसतेच, "पता नहीं क्यों, पर चलता है." ही टिपणे लिहिणारे कोण होते, कुठल्या हाउसचे, ते फाइलीत लिहिलेले नाही. त्यांची नावे ऑनर बोर्डावर असतील किंवा नसतीलही. पण रात्री साडेआठला कक्षात बसून मला त्यांचा आवाज अगदी शेजारून आल्यासारखा वाटला. प्रिंटरची ओळ आम्ही ठेवली. काळ्या पडद्याची ओळ नव्या कर्नलवर एकदा काढून पाहिली. पडदा काळाच झाला, म्हणून ती परत घातली. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

बुल्सआयपर्यंत सगळे सुरळीत गेले. बुकवर्मच्या फेरीत सात नंबरवर पॅकेज उलगडत असताना वीज गेली. यूपीएस होता, त्याची बॅटरी नव्हती. यंत्राचा आवाज थांबला तेव्हा कक्षात इतकी शांतता झाली की बाहेरची रातकिड्यांची किरकिर ऐकू आली. कुणी काही बोलले नाही. सुभेदारसाहेबांनी टॉर्च लावला आणि वही पुढे केली. मी शेवटचे दिसलेले पॅकेजचे नाव लिहिले आणि वेळ टाकली.

वीज चाळीस मिनिटांनी आली. यंत्र सुरू झाले, डिस्क तपासून झाली आणि लॉगिनची ओळ आली. आत गेल्यावर एपीटीने सांगितले की डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, अमुक आज्ञा द्या. ती दिली: 'डीपीकेजी, कॉन्फिगर, ए'. डीपीकेजी प्रत्येक पॅकेज कुठल्या अवस्थेत आहे हे डिस्कवर लिहून ठेवत असते. उलगडले, पण मांडले नाही. मांडले, पण पुरे झाले नाही. त्या नोंदीवरून त्याने अर्धवट राहिलेली पॅकेज एकेक करून हातात घेतली. एक तुटलेले निघाले, ते 'फिक्स-ब्रोकन'ने पुन्हा बसले. मग फुल-अपग्रेड जिथे थांबले होते तिथून पुढे गेले. साहेब त्या सरकणाऱ्या ओळींकडे पाहत म्हणाले, "इसने भी वही लिख के रखी है." त्या रात्री लाइट्स आउटनंतर तासभर कक्षात थांबायची लेखी परवानगी त्यांनीच मिळवून दिली.

बुकवर्ममध्ये ३२-बिट प्रोसेसरला एक विशिष्ट सूचना समजावी लागते, ती नसलेली काही जुनी यंत्रे इथे अडतात. पेंटियम ४ ला ती समजते, हे आम्ही आधीच पाहून ठेवले होते. ६.१ कर्नलवर सात नंबर पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा डेस्कटॉप यायला दोन मिनिटे दहा सेकंद लागली. लिबरऑफिस उघडायला चाळीस सेकंद. इंटरनेटची जड पाने त्यावर पाहू नयेत. आम्ही त्यावरून ब्राउझरचे चिन्हच काढून टाकले. काहींना हा अन्याय वाटला. मला वाटते, ज्याला धावता येत नाही त्याला क्रॉस-कंट्रीला उतरवून शेवटचा आला म्हणून हसण्यापेक्षा हे बरे. टाइप करणे, छापणे आणि ज्युनियर्सना आज्ञा शिकवणे, एवढे ते नीट करते.

बोर्डाने यादी पाहिली. तीन नंबर कंडेम झाला. पाच नंबरने बुकवर्म घेतले, पण त्याची डिस्क कुरकुरू लागली होती, तोही गेला. सात नंबर राहिला, '२०२८ मध्ये पुन्हा पाहावे' असा शेरा घेऊन.

आम्ही बदललेल्या प्रत्येक फाइलीत टिपण लिहिले आहे, तारखेसह. एक टिपण मराठीत आहे, कळफलकाच्या फाइलीत. वहीच्या शेवटच्या पानावर जून २०२८ लिहून त्याखाली रेघ मारली आहे. तेव्हा मी शाळेत नसेन. चंद्रपूरकडचा एक सातवीतला कॅडेट रोज गेम्सनंतर टाइपिंगला येतो, वही सध्या त्याच्याकडे दिली आहे. तो इनस्क्रिप्ट माझ्यापेक्षा जलद चालवतो. फक्त 'सुडो' म्हणजे काय, आणि ते लिहिण्याआधी दोनदा का वाचायचे, हे त्याला अजून सांगायचे राहिले आहे.