अंगणातला लिंब

सांगोला म्हणजे माणदेश. पाऊस बेताचा, झाडोरा त्याहून बेताचा. अशा गावात अंगणात जुना लिंब असणे ही श्रीमंतीच म्हणायची. पण गेल्या माघात मी ती मोडायला निघालो होतो. एक खोली वाढवायची होती, आणि पाने गळून लिंबाचा नुसता खराटा उरला होता.

"वाळलाच आहे," मी म्हणालो.

"पाडव्यापर्यंत थांब. मग काय ते कर," आई म्हणाली.

थांबलो. संध्याकाळी ओट्यावर उत्तरपत्रिका तपाशीत बसे. शाळवाच्या रानातून गोफणीने हाकललेल्या भोरड्या थव्याने येऊन उघड्या फांद्यांवर टेकत. गुलाबी अंग, काळे डोके. कणसांच्या या वैरिणी खऱ्या. पण टोळ-नाकतोडेही त्याच फस्त करतात. त्यांचे माहेर मध्य आशियातल्या गवताळ मैदानात. उन्हाळ्यात बाळंतपणाला तिकडे जायचे, थंडी आमच्याकडे काढायची.

फाल्गुन सरता सरता थवे विरळ झाले. आणि एके सकाळी शेंड्याला तांबूस पालवी! मागोमाग तांबटाची टुकटुक सुरू झाली, कोकिळाने साद दिली.

पाडव्याला आईने त्याच लिंबाचा मोहोर गुळात कालवून माझ्या हातावर ठेवला. खोलीचे तिने विचारले नाही, मीही बोललो नाही.

खोली शेवटी परसात झाली. जरा अरुंदच आहे. आता दिवाळीला भोरड्या परतल्या आहेत. लिंब इतका गर्द आहे, की त्या दिसत नाहीत. नुसता कलकलाट ऐकू येतो.