खिशातलं रिव्हॉल्व्हर आणि नियम तीन

हर्णे बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव उरकला की आमची बैठक बसते. पावसाळ्यानंतरच्या बैठकीत विषय एकच होता. जवळच्या एका गावातल्या बौद्धवाडीतली आमची ताई ग्रामपंचायत सदस्य आहे. तिने रस्त्याच्या कामाचा हिशेब मागितला, म्हणून रात्री दाराशी येऊन तिला धमकी देण्यात आली. तरुण पोरं म्हणाली, "निवेदनं पुरे झाली. ताईला रिव्हॉल्व्हर घेऊया."

आम्ही ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना मागणाऱ्याला आधी शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. म्हणून ताई, लष्करातून निवृत्त झालेले आमचे हवालदार काका आणि आम्ही काहीजण शहरातल्या एका शूटिंग रेंजवर गेलो.

प्रशिक्षकाने .32 बोअरचं लहान रिव्हॉल्व्हर समोर ठेवलं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने 2014 साली 'निर्भीक' नावाचं असंच हलकं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून काढलं होतं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ताई म्हणाली, "एवढ्यात माझ्या घराचं छप्पर नवं होईल."

हे हत्यार दिसायला खेळणं, चालवायला अवघड. नळी आखूड, त्यामुळे नेमातली बारीकशी चूकही मोठी होते. वजन कमी, त्यामुळे सगळा झटका मनगटावर येतो. चाप जड, त्यामुळे ओढता ओढता हात हलतो. दहा मीटरवर ताईच्या सहा गोळ्यांपैकी दोन कागदाला लागल्या, आमची एक. काका म्हणाले, "कागद अंगावर येत नाही. अंधारात, घरात पोरं झोपलेली असताना काय कराल?" पोरांकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं.

परतताना दापोली लागली. निवृत्त महार शिपायांची ही छावणी. सुभेदार रामजी सकपाळ पेन्शन घेऊन इथेच राहायला आले होते. पलटणीने आपल्या माणसांना बंदूक दिली, पण घरात टिकलं ते दुसरंच: पगार, पेन्शन आणि अक्षरओळख. रामजीबाबा पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते. म्हणूनच इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चं खूळ काढून महारांची भरती थांबवली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली त्याविरुद्ध विनंतीपत्र लिहिलं. 1917 मध्ये महारांची पलटण उभी राहिली, 1921 मध्ये मोडली गेली. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. हत्यार कोणाच्या हाती द्यायचं, हे या देशात जात पाहून ठरत आलं. आपल्या माणसांनी ते बदलून घेतलं अर्ज लिहून, संघटना बांधून.

आज आपल्या हातात कायदा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचे 1995 चे नियम काढा आणि नियम तीन वाचा. अत्याचाराची शक्यता असलेलं क्षेत्र शासनाने शोधायचं आहे. गरज वाटल्यास तिथल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे, बेकायदा हत्यारं जप्त करायची आणि गरज भासल्यास आपल्या माणसांना परवाने द्यायचे, असं त्यात लिहिलेलं आहे. आमच्यापैकी किती कार्यकर्त्यांनी हा नियम वाचला होता? खरं सांगतो, एकानेही नाही. आम्ही सव्वा लाखाची वर्गणी मोजत बसलो होतो.

आता ताईचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल, नियम तीनचा उल्लेख करून. परवाना मागणं हा तिचा हक्क आहे आणि तो आम्ही सोडणार नाही. पण त्याच अर्जात वाडीच्या संरक्षणाची आणि धमकी देणाऱ्यांवर गुन्हा नोंदवण्याची मागणी आधी असेल. हत्यार मिळालं तरी ते एका ताईच्या एका उशाखाली राहील. वाडीत घरं अनेक आहेत. नियम तीन लागू झाला तर तो सगळ्या वाडीला लागू होईल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने नियमांची प्रत आणावी. ताई पुढच्या ग्रामसभेत पुन्हा हिशेब मागणार आहे. त्या दिवशी तिच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या दिसता कामा नयेत.

जय भीम.