हातांचं कडं



करोनामुळं दोन वर्षं पायी वारी बंद होती. २०२२ साली ती पुन्हा सुरू झाली आणि नेमकी त्याच वर्षी माझी वारी चुकली. चार वर्षांच्या नातवाला रक्ताचा कर्करोग झाला होता, परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू होते. सुरुवातीचे दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढले. बाबा धर्मशाळांसाठी का झिजले, ते तिथल्या सतरंजीवर पाठ टेकल्यावर कळतं. पुढं पुतण्याच्या चाळीतल्या खोलीत सगळे राहायला गेलो.

पण माउली, आज सांगायचं आहे ते माझ्या एका हट्टाबद्दल. धाकटी नात तेव्हा दीड वर्षाची होती. गोवराच्या लसीचा तिचा दुसरा डोस राहिला होता. सूनबाई आठवण करून द्यायची. मी म्हणायचो, "एका लेकराच्या अंगाची सुयांनी चाळण झालीय, आता दुसरीला कशाला टोचायचं? पांडुरंग बघून घेईल." गळ्यात माळ असली की असं बोलणं सोपं जातं, आणि घरात कुणी उलट बोलत नाही.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी लहान मूल आहे का? त्याच्या लसी झाल्यात?" मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, केमोच्या औषधांनी याची रोगाशी लढायची ताकदच गेलीय. लहानपणी घेतलेल्या लसींचा असरही ओसरतो. गोवराची किंवा कांजिण्यांची लस म्हणजे अशक्त केलेला जिवंत विषाणू. उपचार चालू असताना ती याला देता येत नाही. तोंडातून द्यायचा पोलिओचा डोसही नाही. मग याला राखायचं कुणी? याच्या अवतीभवतीच्या माणसांनी." बहिणीला गोवराची लस टोचा, पण पोलिओचे थेंब न देता इंजेक्शनच द्या, हेही त्यांनी बजावलं, थेंबांतला विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडतो आणि या पोराला तोही बाधू शकतो.

दिंडीत गर्दीचा लोट आला आणि मध्ये लेकरू सापडलं, तर आपण काय करतो? हातात हात गुंफून त्याच्याभोवती कडं करतो. त्या कड्यातला एक हात मी आपण होऊन सोडला होता. त्याच आठवड्यात नातीला लस दिली.

नोव्हेंबरात मुंबईत गोवराची साथ पसरली. गोवंडीकडच्या बातम्या रोज कानावर यायच्या. एके दिवशी शेजारचं पोर आमच्या खोलीत दुपारभर खेळून गेलं. दोन दिवसांनी त्याच्या अंगावर पुरळ उठलं. त्याची लस करोनाच्या धांदलीत राहून गेली होती. त्याच्या आईला मी काय बोलणार? माझ्या घरात तर धांदलही नव्हती, फक्त माझी जीभ होती. आम्ही तसेच रुग्णालयात धावलो. असा संपर्क झाला तर सहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचं औषध द्यावं लागतं. ते नातवाला शिरेतून दिलं. पुढचे चार आठवडे रोज सकाळी दिव्याच्या उजेडात मी त्याची पाठ न्याहाळायचो. पुरळ आलं नाही. त्याच चटईवर खेळलेल्या नातीलाही काही झालं नाही.

जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात. गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. निदान उशिरा होतं, औषध मिळत नाही, उपचार अर्धवट सुटतात. आणि कर्करोग हटत आला असतानाही एखादा साधा संसर्ग लेकराला नेतो. एका खोलीत आठ माणसं, सामाईक नळ, दारात साथ. असं घर आपल्याकडं आहे, आफ्रिकेतही आहे. गोवराला रोखायला शंभरातल्या ९५ जणांना तरी लस लागते. ती ९५ घरं डॉक्टर कुठून आणणार? ती आपलीच. आपल्याला दुसऱ्याचं लेकरू दिसलं की उचलून घ्यायची, गाल कुरवाळायची सवय. ते प्रेम खोटं नाही. पण मी आता आधी त्याच्या आईला विचारतो.

नातवाचे उपचार अडीच वर्षांनी संपले. त्यानंतर सहा महिन्यांनी त्याच्या लसी पुन्हा द्यायच्या होत्या, आणि ही गोष्ट तर पुष्कळांना ठाऊकच नसते. गावाकडं दवाखान्यात आम्हाला दोनदा परत पाठवलं: कार्डावर सगळे डोस पूर्ण, पोराचं वय सात, आता कसली लस? तिसऱ्या खेपेला मुंबईची चिठ्ठी घेऊन गेलो. सिस्टरनं ती दोनदा वाचली, फोन करून वर विचारलं आणि मग त्याचा दंड पुसला. सुई पाहून इतकी वर्षं न रडलेलं पोर त्या दिवशी मोठ्यानं रडलं. कार्डावर जागा उरली नव्हती, म्हणून सिस्टरनं तारीख मागच्या कोऱ्या बाजूला लिहिली.