पाझर

पहाटे साडेपाच. किल्ली फिरवण्याआधी बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात इंजिन ब्लॉकच्या कुशीवर बोट फिरवलं. कोरडं. जीव भांड्यात पडला.

माझ्या पिकअपच्या ब्लॉकची ती भिंत पातळ, हे गाडी घेतानाच ठाऊक होतं. गेल्या वैशाखात केसाएवढी चीर पडली. कूलंट पाझरून वाळलं, पांढरट कड उरली. मेस्त्री म्हणाले, "वेल्डिंग नको भाऊ, बीड तापलं की शेजारी तडकतं." चिरेवर भोकं पाडली, आटे काढले, एकात एक गुंतवत पिना बसवल्या. शिवणच ती! तेव्हापासून बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरला दाखवत नाही, ओझंही बेतानं भरतो.

आज सोलापूरजवळच्या कुंभारीतच, रे नगर वसाहतीत खेप. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. विडी वळणाऱ्या मावशींचं कपाट न्यायचंय. तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून गाडी हळूच काढली.