पारावरचा डेमो

'डेमो' हा शब्द आमच्या गावात आता वखर-तिफणीच्या रांगेत जाऊन बसला आहे. आमच्या आजीलाही तो येत होता. "आज पारावर डेमू हाये म्हने," असं म्हणत ती त्या दिवशी भाकरी लवकर उरकायची.

चिखली तालुक्यातलं आमचं गाव कोरडवाहू. मे महिन्यात बियाण्याच्या कंपन्यांच्या जीपा यायच्या. धारा काढून झाल्या, जेवणं आटोपली की मारुतीच्या देवळापुढं पांढरा पडदा बांधला जायचा. पुढं पोरं, मागं म्हातारे आणि बाया देवळाच्या भिंतीआड. पडद्यावर बोंडांनी लदलेली पऱ्हाटी दिसली की पोरं आरडायची. शेवटी चहा, चिवडा आणि कंपनीच्या नावाची टोपी. टोपी दोन हंगाम टिकायची, बियाण्याचं काही सांगता येत नसे.

पण खरा डेमो जीप गेल्यावर सुरू व्हायचा. बिड्या पेटायच्या, तंबाखू मळली जायची. "पानी नाई आलं त काय करते हे?" "मांगच्या साली कोनं लावलं होतं? त्याले इचारा ना!" पडद्यावर जे दिसलं ते सगळं या बैठकीत पुन्हा एकदा पाखडलं जायचं. सुपात जे उरेल तेच जूनमध्ये जमिनीत पडायचं.

पुढं काय येणार हे बघायला एकत्र जमायची सवय आमच्या जिल्ह्याला जीपच्या कितीतरी आधीपासूनची आहे. जळगाव जामोद तालुक्यातलं भेंडवळ त्यासाठीच प्रसिद्ध. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथं शेतात घट मांडतात. गोल आळं करून त्यात अठरा धान्यं ठेवतात, मधे चार ढेकळं ठेवून त्यांवर पाण्याचं भांडं. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. रात्री तिकडं कोणी फिरकत नाही. पहाटे घटातले बदल पाहून पावसाचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. विज्ञानाच्या बाजूनं त्यावर आक्षेप आहेत आणि ते खरेच आहेत. आमचे आजोबा मात्र दरवर्षी जायचे. भाकीत किती खरं ठरलं असं विचारलं की हसायचे. "अरे, तिथं खानदेशचा मानूस भेटते, नदीकाठचा भेटते, त्याचं काय पिकलं ते समजते," म्हणायचे. घट हे निमित्त. बातमी आणायची ती बाजूला बसलेल्या माणसाकडून.

याच भेटीगाठींचं मोठं रूप पंजाबराव देशमुखांनी दिल्लीत मांडलं होतं. देशाचे कृषिमंत्री असताना त्यांनी भारत कृषक समाजामार्फत १९५९ साली जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तिथं आले होते. वऱ्हाडातल्या पापळ गावच्या माणसानं शेतीची जत्रा एवढी मोठी केली. त्यांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात उभं राहिलं. तिथली शिवारफेरी म्हणजे आमच्या बापाचा सण. एसटीनं जायचा, सोबत भाकरी बांधून. चिठ्ठ्या लावलेल्या वाफ्यांमधून चालताना तो चिठ्ठी कमी वाचायचा, खाली बसून शेंगा जास्त मोजायचा.

एका वर्षी तो तिथून एक गोष्ट शिकून आला. तिला ना पडदा लागतो ना जीप. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या बारदान्यात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहासात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर चांगले कोंब निघाले तर बियाणं पेरण्याजोगं. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर सरळ विकून टाकायचं. आता आमच्याकडं मे महिन्यात घराघरात अशा गुंडाळ्या दिसतात. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या शंभर दाण्यांची किंमत कळेल.

काही वस्तू तर डेमोशिवायच आल्या. आमच्या मोताळ्याच्या पलीकडं जळगाव जिल्हा लागतो. तिथल्या शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे या शेतकऱ्यानं जुनी सायकल कापून तिचं चाक आणि हँडल घेतलं, मागं पास बसवली आणि माणसानं ढकलायचा डवरा तयार केला. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्याची दखल घेतली. आमच्या गावात असा डवरा आला तो कोणाच्या तरी सोयऱ्याकडं पाहून. वेल्डिंगवाल्यानं एकदा नीट निरखला आणि भंगारातून दुसरा केला. पहिला डवरा घेतला माझ्या काकूनं. काका गेल्यावर तिनं बैल विकले होते. दोन एकरांच्या डवरणीसाठी ती लोकांच्या दारी जायची, आणि लोक स्वतःचं उरकल्यावर बैल द्यायचे. तोवर तण गुडघ्याला लागायचं. सायकलच्या डवऱ्यानं तिचं ते दारोदार फिरणं संपलं.

गेल्या ऑगस्टमध्ये स्टार्टअपवाली पोरं ड्रोन घेऊन आली, ती हे सगळं पाहिलेल्या गावात. जिल्ह्यातलीच इंजिनिअर पोरं, बोलायला साधी. दिवस कलता त्यांनी सोयाबीनवर नुसतं पाणी फवारून दाखवलं. दहा लिटरची टाकी, एकराला दहा मिनिटंही लागली नाहीत. रात्री पारावर बैठक झाली. या वेळी बाया भिंतीआड नव्हत्या, पुढंच बसल्या होत्या. फवारणी म्हटलं की २०१७ सालचं यवतमाळ अजून सगळ्यांना आठवतं. कपाशी फवारताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले होते. त्यामुळं फवारणाऱ्याच्या अंगाला औषध लागणार नाही, हे ऐकून लोक खरोखर सुखावले.

पहिला प्रश्न काकूचा. "बापू, माह्या दोन एकरासाठी येईन का हे? का मोठ्या वावरवाल्याचं झाल्यावर?"

पोरगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काकू, एका दिवशी शेजारच्या दहाजणांनी मिळून बोलावलं, तर येईन."

ते लोकांना पटलं. तिथंच दहा नावं लिहिली गेली.

काकूचा धाकटा, माझा चुलतभाऊ, पाराच्या पायरीपाशी उभा होता. हंगामात तो लोकांच्या वावरात फवारतो. पाठीवर पंधरा लिटरचा पंप, मजुरी पंपामागे. संध्याकाळी डोळे लाल, रात्री जेवण जात नाही. ड्रोन आला तर त्याचे डोळे वाचतील आणि रोजी जाईल. त्या गर्दीत एवढं मोठं गणित दुसऱ्या कोणापुढं नव्हतं. पण मजुराला कोण विचारतं? बैठक शेतमालकांची होती.

लोक उठल्यावर तो त्या पोराजवळ गेला. "हे उडवाले शिकाले किती दिवस लागते?"

"आठवडाभर. पण लायसनसाठी दहावी पास पाहिजे, दादा."

हा नववीतून उठलेला. काका गेले ते त्याच वर्षी. "हो का," म्हणून तो पंप उचलून घराकडं निघाला.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला. "दादा, ते सतरा नंबरचं फारम कुठं भेटते?" शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावीला बसता येतं, ते हे फॉर्म नंबर १७. आम्ही दोघं जाऊन तो भरून आलो. आता रब्बीत तो लोकांच्या हरभऱ्याला रात्री पाणी देतो. लाइनची वाट बघत विहिरीवर बसला की मोबाईलच्या उजेडात पुस्तक काढतो. गणित अडतं. ते त्याची सातवीतली पोरगी आणि मी मिळून सोडवतो, आणि बऱ्याचदा तिचंच उत्तर बरोबर निघतं. परीक्षा मार्चात आहे. पास होईल की नाही, आणि झाला तरी ड्रोन त्याच्या हाती कोण देईल, हे भेंडवळचा घटही सांगणार नाही.

ती पोरं उन्हाळ्यात पुन्हा येणार आहेत, विहिरीवरचा पंप घरून मोबाईलवर चालू करायचं यंत्र घेऊन. काकूनं प्रश्न आत्ताच ठरवून ठेवला आहे. "बिघडलं त नीट कोन करन? गावातल्या एकाले पयले शिकवा, मंग पडदा बांधा."